जिनं सारवलं तिची जागा

फरशीचं नाव काढलं की माझं डोकं फिरतं. घरात हे सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून जेवायला बसलं की कोणीतरी मुद्दाम ते नाव काढतंच. ओसरीला फरशी झाली, स्वयंपाकघराला झाली, गोठ्यालासुद्धा झाली. म्हशीसुद्धा मामंजींपेक्षा सुधारल्या, असं धाकटी सून म्हणते. मागच्या एका खोलीत मात्र अजून माती आहे, आणि मी आहे तोवर तिथं मातीच राहणार. का, ते मी कोणाला नीट सांगितलेलं नाही. विचारणाऱ्याला एका वाक्यात उत्तर हवं असतं, आणि माझं उत्तर गावच्या धर्मशाळेपासून सुरू होतं.

आमचं गाव एरंडोलच्या बाजूचं. मारुतीच्या देवळाला लागून गावाची धर्मशाळा होती. जाड मातीच्या भिंती, सागाचे खांब, वर मातीचं धाबं आणि धाब्याला उजेडासाठी ठेवलेलं एक चौकोनी भोक. बैरागी तिथं उतरायचे, लग्नाची वऱ्हाडं उतरायची, पावसात कोणाची भिंत पडली तर बिऱ्हाडच येऊन राहायचं. एका टोकाला हातभर उंचीचा ओटा होता. एरवी त्यावर भजनी मंडळी बसत, आणि आखाजीला त्याच ओट्यावर आमचं नाटक उभं राहायचं.

आखाजी म्हणजे तुमची अक्षय्य तृतीया. खानदेशात तिच्यापुढं दिवाळीसुद्धा फिकी. शेतं मोकळी झालेली, आंबा उतरलेला, खापरावरच्या पुरणपोळ्यांचा वास गल्लीभर, आणि सासरी गेलेल्या सगळ्या लेकी माहेरी आलेल्या. नाटक या लेकींसाठीच असायचं, म्हणून आमच्याकडं ते सणाच्या दुसऱ्या दिवशी, भर दुपारी व्हायचं. रात्रीचं नाटक बायकांनी कसं बघायचं? पोरं पेंगतात, पहाटे जातं ओढायचं असतं. दिवसा नाटक करणारं गाव म्हणून आजूबाजूचे लोक आम्हाला हसायचे. हसोत बापडे. आमची धर्मशाळा बायकांनी भरायची, आणि त्यांची घोरणाऱ्या पुरुषांनी. खिडक्यांना ओली गोणपाटं लावली, दार लोटून घेतलं की वरच्या भोकातून उन्हाचा एकच झोत ओट्यावर पडायचा. त्यात उभं राहिलं की आपण खरोखरच कोणी राजा-राणी आहोत असं वाटायचं.

आता मुद्द्याचं सांगतो. धर्मशाळेची जमीन मातीची होती, आणि नाटकाच्या आदल्या दिवशी ती सारवून घ्यावी लागायची. हे काम गावातल्या बायकांचं. उजाडताच एकेक जण शेणाची पाटी आणि पाण्याची घागर घेऊन यायची आणि आपापला तुकडा सारवायची. त्याला गावचा एक नियम होता: जिनं सारवलं तिची जागा. दुसऱ्या दिवशी नाटकाला ती आपल्या तुकड्यावर बसणार, सोबत लेक असेल, नातवंडं असतील, ती बसणार. मग मागून पाटील येवो की कुळकर्णी येवो, तिला कोणी ऊठ म्हणायचं नाही. पुरुष मागं, खांबांच्या पलीकडं. हा नियम कोणी लिहिलेला नव्हता आणि कोणी मोडलेलाही नव्हता. कोणाचा तुकडा कोणता हे विचारावंही लागत नसे. सारवताना बोटं फिरतात ना, त्यांची नक्षी उठते, आणि ती प्रत्येकीची निराळी. कोणाच्या सरळ रेघा, कोणाच्या आडव्या लाटा. आमच्या अक्काची नक्षी म्हणजे एकात एक अडकवलेल्या कोयऱ्या.

अक्का माझी मोठी बहीण. लग्न होऊन सासरी जाते न जाते तोच नवरा तापानं गेला, आणि ती परत आली ती कायमची. पुढं आई गेली आणि मला तिनंच वाढवलं. तिचा पाट लावून, दुसरं घर करून द्यायचं घरात दोनदा निघालं. दोन्ही वेळा तिनं, भाऊचं लगीन होऊ दे मग पाहू, म्हणून टोलवलं. भाऊ म्हणजे मी. माझं लग्न झालं तोवर तिच्यासाठी विचारायचं लोक विसरून गेले होते.

रिकाम्या कपाळाच्या बाईला गावात कुठं जागा असते ते सांगायला नको. लग्नघरात ती चुलीपाशी. हळदीला तिला बोलावणं नाही. गौराईच्या गाण्यात ती मागं उभी, आणि सगळ्यांत जास्त गाणी तिलाच येत. आमच्या घरातसुद्धा माझी बायको आल्यावर चूल बायकोची झाली, हे अक्कानं कोणी न सांगता ओळखलं आणि मागच्या खोलीत आपलं अंथरूण नेलं. उभ्या गावात तिची म्हणावी अशी एकच जागा होती, धर्मशाळेत ओट्याच्या अगदी पुढ्यातला तो तुकडा. सगळ्यांच्या आधी येऊन तिनं तो धरला होता आणि दरसाल स्वतःच्या हातानं सारवला होता. नटेश्वराची पूजा तिच्या तोंडासमोर व्हायची. एरवी शुभकार्यात तिला बाजूला सारणारी माणसं तिथं गप्प असायची, कारण जमीन तिची होती.

आणि ती जागा तिला हवी होती ती माझ्यासाठी. मी स्त्री-भूमिका करायचो. आवाज गोड, अंगानं शेलाटा, मग काय, राणी मीच. आज माझ्या या मिशा बघून नातवंडांना खरं वाटत नाही. चालणं, बसणं, पदर सावरणं, सगळं अक्कानं शिकवलं. शिकवलं म्हणजे काय, मागच्या खोलीत मला लुगडं नेसवून चालायला लावायची आणि पोट धरून हसायची. "राणी शे का बैल शे? असा काय चालस?" असं म्हणायची. मग स्वतः चालून दाखवायची. मी आयुष्यात ज्या ज्या राण्या केल्या त्या सगळ्या आमच्या अक्कासारख्या चालत होत्या, आणि हे प्रेक्षकांत कोणाच्याही लक्षात आलं नाही.

खेळात माझी नजर तिच्यावर असायची. वरून पडलेल्या उन्हात पहिली तीच दिसायची. पदर ढळला तर ती स्वतःचा पदर चाचपायची, आवाज पोचत नसला तर कानाला हात लावायची. तेवढं दिसलं की मी सावरायचो. लोक म्हणायचे, पोराला उपजत समज आहे. डोंबलाची समज! समज ओट्याच्या खाली बसलेली होती.

फक्त एकच दुखणं होतं, धूळ. वैशाखाच्या उन्हात सारवण किती टिकणार? पहिला अंक होईतो पोपडे सुटायचे, पोरांच्या पायांनी माती उधळायची, आणि तिसऱ्या अंकात माझं मोठं पद आलं की नेमका घसा धरायचा. एका आखाजीला तर वर चढवलेला सूर मध्येच फुटला. राणी नवऱ्याच्या नावानं टाहो फोडतेय आणि राणीला खोकल्याची उबळ! मागचे पुरुष ख्यॅ ख्यॅ हसले. मी आत जाऊन तोंड धुतलं आणि हसण्यावारी नेलं. अक्कानं नाही नेलं. तिनं वर्षभर मला ज्येष्ठमध चघळायला लावला आणि मनात एक गोष्ट धरली: धर्मशाळेला फरशी बसली पाहिजे.

होय, अक्कानंच. हे मला अजून बोचतं. दुसऱ्या कोणी ही टूम काढली असती तर मी त्याला शिव्या घालून मोकळा झालो असतो.

बाई माणूस, तेही विधवा. ती पंचांसमोर काय बोलणार? ती बायकांशी बोलली. नदीवर बोलली, कापूस वेचताना बोलली, आणि बायकांनी आपापल्या घरी सांगितलं. आमच्या गावच्या कापसाच्या गाड्या जळगावला जिनात रिकाम्या होऊन माघारी यायच्या. त्या रिकाम्या का आणायच्या, फरशा घालून आणा, असं ठरलं. हिवाळाभर गाडीमागून गाडी येत राहिली आणि देवळामागं शहाबादी फरशीची थप्पी उभी राहिली. पंचांतले आबा, जे चांगल्या कामाला शेवटून दुसरे यायचे, ते म्हणू लागले की ही कल्पना त्यांचीच. अक्का नुसती हसायची. फाल्गुनात गवंडी लागले. बायकांनी डोक्यावरून पाणी वाहिलं आणि अक्का सगळ्यांच्या पुढं. दिवसातून दोनदा येऊन मला सांगायची की भाऊ, आता तुझा घसा नाही बसायचा.

तिला तेव्हा इतकं हरखलेलं पाहिलं की आम्हा कोणाच्याच डोक्यात दुसरं काही आलं नाही. एवढं अख्खं गाव, त्यात चार शहाणे, दोन मास्तर. जमीन दगडाची झाली की सारवायचं काय, हा एवढासा प्रश्न एकालाही पडू नये?

आखाजी आली. नाटकाच्या आदल्या दिवशी उजाडताच बायका सवयीनं पाट्या-घागरी घेऊन धर्मशाळेशी आल्या. आत देवळाच्या राखणदारानं फरशीवर पाणी ओतून गोणपाट फिरवलं होतं आणि काम केव्हाच उरकलं होतं. आबा दारातच होते. ते हसून म्हणाले की सुटलात बायांनो, आता शेणात हात घालायला नको. बायकाही हसल्या. कंबरडं वाचलं म्हणाल्या. शेण वाया कशाला घालवायचं म्हणून जाता जाता त्यांनी दारापुढं गोवऱ्या थापल्या आणि घरी गेल्या. अक्काही त्यांच्यातच होती. मी तालमीसाठी आत होतो. तिनं दारातून आपला तुकडा शोधल्यासारखं पाहिलं आणि फरशी छान बसलीय म्हणाली.

दुसऱ्या दिवशी खुर्च्या आल्या. मातीच्या जमिनीवर खुर्ची कोण आणणार? पाय रुततात, सारवण उकरतं, बायकांनी फाडून खाल्लं असतं. आता फरशी सपाट, वर एवढी सुधारलेली धर्मशाळा, म्हणून पंचांनी बाहेरचे पाहुणे बोलावले होते. जळगावचे वकील, धुळ्याचे एक बडे व्यापारी, एरंडोलच्या कचेरीतली मंडळी. शाळेतल्या खुर्च्या, चावडीतल्या खुर्च्या, ज्याच्या घरी असेल त्याची आरामखुर्ची, सगळ्या ओट्याच्या पुढ्यात मांडल्या. त्यांच्या मागं गावातले पुरुष. बायकांसाठी बाजूच्या पडवीत बांबूच्या काड्यांचे चिक सोडले होते. पडवी केवढी, तर चार बाजांची. त्यात लेकुरवाळ्या माहेरवाशिणींना आधी घेतलं, हे रीतसरच झालं. कोणी कोणाला हाकललं नाही. नुसतं, कोणाची जागा कोणती हे सांगायला जमिनीवर काही उरलं नव्हतं.

पडदा उघडला. मी उन्हाच्या झोतात आलो आणि सवयीनं खाली पाहिलं. तिथं एक करकरीत जोडा होता, एका पायावर दुसरा टाकलेला, आणि तो तालावर हलत होता. अंकभर मी तो जोडाच पाहत होतो. पदर ढळला असेल तर ढळला असेल. तिसऱ्या अंकातलं पद मात्र असं लागलं की वकीलसाहेब उठून उभे राहिले. धूळ नव्हती ना. पुन्हा म्हणायला लावलं आणि मी पुन्हा म्हटलं.

रंग पुसून घरी आलो तर अक्का चुलीपाशी भाकरी करत होती. मी विचारलं, कुठं होतीस? पडवीत गर्दी होती, म्हणून ती मागच्या बाजूला पिंपळाच्या पारावर बसली होती. उन्हात, भिंतीला कान लावून. भाकरी उलटून ती म्हणाली, "बठ्ठं आयकू उनं भाऊ. आवाज मस्त लागना आज. धूय नव्हती ना."

मला वाटलं ती रडेल, किंवा पंचांना दोन शिव्या तरी देईल. ती खरंच खूश होती. माझा घसा बसला नाही याचा तिला एवढा आनंद झाला होता की तिचं काय गेलं हे तिला त्या दिवशी कळलंच नसावं. मला कळलं. मी ताटावरून उठलो.

पुढच्या आखाजीला मी भांडलो. मऊ आवाजाची राणी एवढी भांडू शकते हे पंचांना नवं होतं. मी म्हटलं, अक्का पुढ्यात नसेल तर मी रंग लावणार नाही. आबांनी डोकं खाजवलं आणि पहिल्या रांगेत एक खुर्ची तिच्यासाठी ठेवतो म्हणाले. खुर्ची! गावातले म्हातारे मागं जमिनीवर बसलेत आणि त्यांच्या पुढं आमची अक्का खुर्चीवर? तिनं ऐकूनच कानाला हात लावला. मी परत गेलो, पुन्हा भांडलो. शेवटी ठरलं की खुर्च्यांच्या पुढं, ओट्याला लागून, तिच्यापुरती सतरंजी टाकायची. पाहुणे काय म्हणतील ते म्हणोत. आबा मोठेपणानं बोलले, तुमची अक्का ना, बसू द्या की, आम्ही काय नाही म्हणतो?

मी किल्ला जिंकल्यासारखा घरी आलो. अक्का मागच्या खोलीत जमीन सारवत होती. तिला सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही. कोपऱ्यापर्यंत सारवत गेली, हात पाण्यात बुडवला, आणि मग माझ्याकडं पाहून म्हणाली, "पहिले मी मन्हा जागावर बसू. आते तू बसाडशी तठे बसू का?"

मला राग आला. एवढी तोंडं पंचांची झेलली, आणि ही बाई आभाराचा शब्द नाही, वर मलाच विचारते? मी म्हटलं, जागा तीच आहे, ओट्यापुढचीच. ती म्हणाली, नाही. आणि खरंच होतं तिचं. आधी ती तिथं बसायची तेव्हा कोणाच्या परवानगीनं बसत नव्हती. आता ती आबांच्या मेहेरबानीनं आणि भावाच्या हट्टानं बसणार होती. कोणी एखादी म्हणाली असती की हिलाच का, तर तिच्याकडं उत्तर नव्हतं. पूर्वी उत्तर जमिनीवर उमटलेलं होतं. हे सगळं मला तेव्हा समजलं असं म्हणणार नाही. तेव्हा मी नुसता फणफणलो.

अक्का त्यानंतर नाटकाला आली नाही. पारावरही नाही. आखाजीला ती घर सांभाळायची आणि बाकीच्यांना जा म्हणायची. मी आणखी काही वर्षं राणी झालो. पदं चांगली होत, टाळ्या पडत, आणि पदर कुठं चाललाय हे मला कोणी सांगत नसे. बायका हळूहळू कमी झाल्या. पडवीत कोंडून चिकातून काय बघायचं? बायकाच नाहीत म्हटल्यावर दुपार कशाला हवी, म्हणून खेळ रात्री गेला. मग धर्मशाळेत फिरता सिनेमा आला, आणि लोक म्हणाले की या मिशा भादरलेल्या राण्यांपेक्षा ते बरं. लोकांचं काय चुकलं? नाटक आम्हीच मारलं होतं, आणि तेही गुळगुळीत फरशीवर, हौसेनं.

मधल्या काळात आमच्या घरालाही फरशी झाली. अक्कानं आपली खोली तेवढी करू दिली नाही. बायको कुरकुरली, पण अक्कापुढं तिचं चालत नसे. दर सणाला त्या खोलीत एकात एक अडकलेल्या कोयऱ्या उठायच्या. स्वराज्य आलं त्याच्या आधीच्या हिवाळ्यात अक्का गेली. दुखणं फार नव्हतं. दिवाळीला सारवलेली जमीन तेव्हा अजून शाबूत होती, तिच्यावरच तिला निजवलं.

तेरवी झाल्यावर बायकोनं गवंड्याला बोलावलं. फरशा अंगणात येऊन पडल्या. मी त्याला चहा पाजून परत पाठवला. बायको म्हणाली, माती ठेवायची तर सारवायचं कोणी? माझे गुडघे गेलेत. मी म्हटलं, मी सारवीन. ती हसली. गल्लीतल्यांना कळलं तेव्हा तेही हसले. पुरुष माणूस शेणात हात घालून उकिडवा बसतो म्हणून. मी त्यांना म्हटलं, तुमच्यासमोर इतकी वर्षं राणी झालो तेव्हा कोणी हसलात का रे? बाईचं खरं काम पहिल्यांदा करतोय तर आता हसता?

तेव्हापासून सारवतो. आता गुडघे माझेही गेलेत, तरी बसून सरकत सरकत करतो. तिचं चालणं मला आलं, पदर सावरणं आलं, लाजणंसुद्धा आलं. कोयऱ्या येत नाहीत. माझ्या बोटांच्या नुसत्या वाकड्या रेघा उठतात. मातीनं खोकला येतो. मुलगा म्हणतो, नाना, डॉक्टरांनी धूळ टाळायला सांगितलीय. टाळायला! ज्या धुळीपायी आमची अक्का आपल्या जागेवरून उठली ती धूळ मी टाळू?

दर आखाजीला सारवून झालं की मी दाराशी थांबतो आणि ती जागा अक्काची, असं मनाशी म्हणून बघतो. पण नियम मला पाठ आहे. जमीन सारवली मी. कितीही सारवली तरी ती जागा माझीच होते, तिची काही होत नाही.